होडीवर रंगवलेला आकडा आणि आपली बसायची जागा

मोटारहोडीच्या बाजूला ‘क्षमता १४’ असे रंगवलेले दिसले की आपल्याला एस.टी.तली पाटी आठवते. बसमध्ये दहा जण जास्त चढले तर धक्काबुक्की होते, फार तर कोणी दारात लोंबकळतो; बस उलटत नाही. होडीचा हिशेब निराळा आहे. तिथला आकडा जागेचा नसतो, तोलाचा असतो. आणि त्या आकड्यामागे तीन अटी असतात, ज्या पाटीवर कधी लिहिलेल्या नसतात: सगळे बसलेले हवेत, ठरलेल्या जागीच बसलेले हवेत आणि दोन्ही बाजूंना सारखे वाटून बसलेले हवेत. यातली एक अट मोडली की चौदाचा आकडा चौदा राहत नाही, होडीत बारा माणसे असली तरी.

बडोद्यात हे पटवायला लांबची उदाहरणे लागत नाहीत. १९९३ साली सूरसागरात होडी उलटून २२ माणसे गेली. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेपेक्षा बरीच जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते. दोन्ही ठिकाणी ना लाट होती, ना ओढ. गावातले तळे, काठावर फिरणारी माणसे, हाकेच्या अंतरावर रस्ता. ‘तळ्यात काय होणार आहे’ हा समज म्हणूनच मनातून आधी काढायला हवा. होडी उलटायला वादळ लागत नाही, आतल्या माणसांचे वजन पुरते.

ते कसे, हे घरच्या घरी पाहता येते. पाण्याने भरलेल्या टबात एक परात तरंगत सोडा. तिच्या तळावर चार वाट्या चार बाजूंना ठेवा. परात थोडी खाली बसेल, पण हलवली तरी पुन्हा सरळ होईल. आता त्याच चार वाट्या मधोमध एकावर एक रचा. वजन तेवढेच आहे, तरी परात डुगडुगायला लागते आणि जरा धक्का लागला की रचलेल्या वाट्या कलंडतात. तिसऱ्या वेळी चारही वाट्या एका काठाशी सरकवा. काठ पाण्याखाली जातो, पाणी आत येते आणि मग काही करता येत नाही. पहिली परात म्हणजे नीट बसलेली माणसे, दुसरी म्हणजे उभी राहिलेली आणि तिसरी म्हणजे मोर दिसला म्हणून एका बाजूला धावलेली.

होडी कलते तेव्हा जी बाजू पाण्यात जास्त जाते तिला पाणी जास्त जोराने वर ढकलते आणि होडी सरळ होऊ पाहते. हा जोर होडीच्या रुंदीवर आणि आतले वजन किती खाली आहे यावर ठरतो. वजन जितके उंच तितका हा जोर दुबळा. बसलेल्या माणसाच्या वजनाचा मध्य पोटापाशी असतो. तो उभा राहिला की तोच मध्य सुमारे ३० सेंटीमीटर वर जातो. एकट्याने फारसा फरक पडत नाही. वीस जण ‘आला, आला काठ आला’ म्हणत एकदम उठले की पडतो.

आकड्यांत पाहू. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद अशी साधी सहलीची होडी घ्या. पाण्याच्या पातळीवर तिचे क्षेत्रफळ साधारण ९ चौरस मीटर भरेल, कारण टोके निमुळती असतात. अशी होडी १ सेंटीमीटर खाली जायला ९० किलो वजन लागते. चौदा जणांच्या होडीत सव्वीस जण बसवले, म्हणजे बारा जादा, तर सरासरी ६० किलोने ७२० किलो झाले. होडी फक्त ८ सेंटीमीटर आणखी खाली बसली. बाहेरून बघणाऱ्याला हे कळतसुद्धा नाही. नावाडीही म्हणतो, ‘बघा, कुठे बुडतेय?’ इथेच फसगत होते. बुडण्याचा धोका त्या ८ सेंटीमीटरमध्ये थोडाच आहे. खरा धोका या बारा जणांना बसायला जागा नसण्यात आहे. ते उभे राहतात, काठावर टेकतात, पुढच्या टोकावर पाय सोडून बसतात, आणि होडी वळली की एकाच बाजूला सरकतात. दहा माणसे प्रत्येकी ७० सेंटीमीटर सरकली, तर मधल्या रेषेपासून एक मीटरवर, म्हणजे थेट काठावर, ४२० किलोचा धोंडा ठेवल्यासारखे होते. पाण्यापासून काठाची उंची आधी ४० सेंटीमीटर होती, आता ३२ उरली आहे. दोन्ही गोष्टी एका क्षणी जुळल्या की पाणी आत.

केरळात थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी दुमजली होडी उलटून ४५ माणसे गेली, तेव्हा काठावरची जनावरे पाहायला प्रवासी एका बाजूला गेले होते. त्याच राज्यात तानूरला ७ मे २०२३ रोजी २२ जण गेले. ती होडी मुळात मासेमारीची, प्रवाशांसाठी बदलून घेतलेली होती आणि वरच्या मजल्यावरही माणसे होती. मजला चढवला की वजन वर गेले, ही परातीतली दुसरी गोष्ट. म्हणून छत असलेल्या होडीच्या छतावर एकही माणूस बसता कामा नये, फोटोपुरताही नाही.

आता बाकाकडे या. होडीतले बाक आरामासाठी असते असे आपण धरून चालतो. खरे तर ते होडीच्या तोलाचा भाग आहे: माणूस किती उंचीवर, मधल्या रेषेपासून किती दूर आणि पुढे-मागे कुठे असेल, हे बाक ठरवते. अमेरिकेतल्या छोट्या प्रवासी होड्यांच्या नियमात माणसे मोजण्याच्या तीन रीती दिल्या आहेत: पक्क्या बाकावर माणशी १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटीमीटर, नाहीतर कठड्याची माणशी ३० इंच लांबी, नाहीतर डेकची माणशी १० चौरस फूट जागा. आणि यातून आलेला आकडा तोलाच्या चाचणीत मिळालेल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर तो बाद. आपल्याकडे तळ्याकाठी उभे राहून एवढी आकडेमोड करायची गरज नाही, पण ४६ सेंटीमीटर लक्षात ठेवावे. मोठ्या माणसाचा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात साधारण तेवढाच भरतो. तीन मीटरच्या बाकावर असे सहा हात बसतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरची बाके असतील तर बारा जण, आणि मागे चालक. तिथे एकेका बाकावर नऊ जण दाटीवाटीने बसलेले दिसले, की पाटीवर काहीही लिहिलेले असो, ती होडी भरून वाहते आहे.

लांब बाकाचा एक दुर्गुण आहे. त्यावर मधे आडोसा नसेल तर होडी कलली की माणसे घसरतात, आणि घसरली की होडी आणखी कलते. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जमध्ये २ ऑक्टोबर २००५ रोजी ‘ईथन ॲलन’ नावाची सहलीची होडी उलटून २० प्रवासी, बहुतेक वयस्क, बुडाले. होडीला ४८ प्रवाशांची परवानगी होती आणि ४७ बसले होते. म्हणजे कागदावर सगळे ठीक. परवानगीचा हिशेब मात्र माणशी १४० पौंड, म्हणजे ६३.५ किलो धरून केलेला होता, आणि प्रत्यक्ष माणसे त्याहून बरीच जड होती. पुढे तिथल्या तटरक्षक दलाने प्रवासी होड्यांसाठी माणशी १८५ पौंड, सुमारे ८४ किलो, धरायला सुरुवात केली. युरोपातल्या छोट्या होड्यांच्या मानकात प्रौढ माणूस ७५ किलो धरतात. तुम्ही घरच्यांचा अंदाज बांधाल तेव्हा ७५ धरा, आणि पिशव्या वेगळ्या मोजा. नर्मदेच्या उत्तरवाहिनी परिक्रमेत होडीने पलीकडे जाताना प्रत्येकाच्या पाठीवर सात-आठ किलोचे सामान असते. वीस जणांचे सामान म्हणजे आणखी दोन धट्टीकट्टी माणसे. ते सामान पाठीवरून उतरवून तळावर, मधोमध ठेवायचे. पाठीवर राहिले तर वजन वरही राहते आणि पाण्यात पडल्यावर तेच खाली ओढते.

‘दोन मुले म्हणजे एक माणूस’ हा हिशेब सगळ्यात घातक. वजनापुरता तो खरा वाटतो. पण मूल जागेवर राहत नाही; एकाने मासा दाखवला की दहा उठतात. शिवाय पाण्यात पडल्यावर अर्धे मूल वाचवता येत नाही, प्रत्येकाला आपापले जॅकेट लागते. प्रत्येक डोके एक, कडेवरचे बाळसुद्धा. सहलीला २४ मुले आणि होडी बाराची असेल तर शिक्षक धरून तीन फेऱ्या करा, वेळ लागू दे. फेरीत दोन मोठी माणसे हवीत, एक डाव्या बाकावर आणि एक उजव्या. दोघे शेजारी बसून गप्पा मारत असतील तर एका बाजूची मुले बेवारस.

बाक पक्के आहे की नाही हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. बसण्याआधी पाठीचा भाग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे जोरात ओढा. बूड हलले तर समजा की ते नुसत्या स्क्रूवर आहे, किंवा खालचे प्लायवूड कुजले आहे. बरोबर बसवलेल्या बाकाचे बोल्ट तळातून आरपार गेलेले असतात आणि खालच्या बाजूला रुंद वॉशर किंवा पट्टी असते, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. फायबरच्या पातळ तळात नुसता स्क्रू पिळला तर होडीच्या थरथरीने भोक मोठे होत जाते आणि एक दिवस माणसासकट बाक उपटते. खांबावर फिरणाऱ्या खुर्च्या असतात त्यांना खाली एक खीळ असते. होडी चालू असताना ती लावलेलीच हवी. आणखी एक गोष्ट बघाच: प्लास्टिकच्या सुट्या खुर्च्या. हळदीकुंकवाला मांडतात तशा खुर्च्या तराफ्यासारख्या सपाट होडीवर मांडलेल्या दिसतात. त्या कशालाच बांधलेल्या नसतात; होडी पाच अंश कलली तरी सरकतात. अशा होडीत चढू नये.

बसू नये अशा जागा मोजक्या आहेत, पण नेमक्या त्याच लोकांना आवडतात. पहिली, पुढचे टोक. तिथे बसलेला माणूस धक्क्याने पडला तर होडीच्या समोर पडतो आणि होडी त्याच्यावरून जाते. मागचा पंखा तीन पात्यांचा असेल आणि मिनिटाला ३,२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १६० घाव होतात. माणूस बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. दुसरी, बाजूचा काठ. तिथे बसल्यावर पाठीला आधार नसतो, आणि चालकाने एकदम वेग दिला की माणूस मागे कोसळतो. तिसरी, मागे इंजिनाला लागून असलेली पायरी किंवा फळी. तिथे पंखा हाताच्या अंतरावर असतो आणि धूरही नाकात जातो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नसतो.

वेगवान स्पीडबोटीत आणखी एक भान ठेवावे लागते. होडी उसळून पाण्यावर आपटते तेव्हा सगळ्यात जास्त दणका पुढच्या बाकांना बसतो आणि तो सरळ मणक्यात जातो. कमरेचे दुखणे असलेले, साठीच्या पुढचे आणि गरोदर बाया यांनी मागच्या भागात मधोमध बसावे, किंवा ती फेरी सोडून द्यावी. बाकीच्यांनी पाय तळाला टेकवून, गुडघे वाकवून, कठडा हातात धरून बसावे.

छताविषयी वेगळे बोलायला हवे, कारण बडोद्याच्या उन्हात छताशिवाय होडी कोणालाच नको असते. हलक्या कापडाचे, चारही बाजूंनी मोकळे छत चालते. पत्र्याचे किंवा लाकडाचे जड छत मागाहून बसवले तर वजन वर जाते आणि जुन्या चाचणीतला क्षमतेचा आकडा निरुपयोगी होतो. बाजूंना प्लास्टिकचे पडदे सोडून बांधलेले असतील तर आणखी वाईट: होडी बुडू लागली की जॅकेट घातलेला माणूस वर उचलला जाऊन छताला चिकटतो आणि बाहेरचा रस्ता पडद्याने बंद असतो. अमेरिकेत मिसुरी राज्यात १९ जुलै २०१८ रोजी वादळात बुडालेल्या प्रवासी वाहनहोडीत (रस्त्यावरही चालणाऱ्या होडीत) १७ जण गेले, तेव्हा चौकशीत छत आणि पडदे सुटकेच्या आड आल्याचे पुढे आले. यावर उपाय जॅकेट काढणे हा नाही. पडदे गुंडाळून वर बांधायला लावणे हा आहे.

लाईफ जॅकेट म्हणजे बसण्याची गादी नाही, हेही सांगावे लागते, कारण कितीतरी होड्यांत ती बाकावर अंथरलेली असतात. फोम वर्षभर माणसांच्या वजनाखाली दबला की चपटा होतो आणि तरंगवण्याची ताकद गमावतो. बोटांनी दाबून बघा. फोम पुन्हा फुगला नाही तर ते जॅकेट बदलून मागा. पाण्यात माणसाचे डोके वर ठेवायला फार नाही, तीन ते पाच किलोचा वरचा रेटा पुरतो. जॅकेटवर ‘१०० न्यूटन’ असे लिहिलेले असेल तर तो रेटा सुमारे दहा किलोचा. ‘५० न्यूटन’ असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी आहे. घातल्यावर सगळ्या चापा लावा आणि खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत आले तर ते मापाचे नाही. मुलाला मोठ्याचे जॅकेट दिले तर ते पाण्यात वर निघून जाते आणि मूल खालून निसटते. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि जॅकेट चढण्याआधी घालायचे. होडी कलल्यावर बाकाखालून काढून घालता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आणि २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार इंजिनावर चालणाऱ्या होडीला नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा लागतो, आणि चालवणाऱ्याकडे पात्रतेचा दाखला असावा लागतो. वल्ह्यांच्या होड्यांची नोंद स्थानिक संस्थेकडे ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. २०१७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने होडीच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तुमच्या कामाचा भाग एवढाच: तिकीट काढताना तपासणीचे प्रमाणपत्र कुठे लावले आहे ते विचारा, त्यावरचा प्रवाशांचा आकडा आणि मुदत बघा, आणि होडीवर रंगवलेला आकडा त्याच्याशी जुळतो का ते पाहा. रंग कोणीही मारू शकतो. शाळेने तर सहल ठरवतानाच या कागदांची प्रत मागून घ्यावी आणि पालकांनी ती शाळेकडे मागावी. त्यात संकोच कसला?

चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली लाल दोरी दिसते का, तेही बघा. तिचे दुसरे टोक इंजिनाच्या बटणाला असते. चालक पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. ती नुसती हँडलला गुंडाळून ठेवलेली असेल तर मोकाट होडी गोल फिरून पडलेल्या माणसांवर येऊ शकते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या, इंजिनाच्या होड्यांना ती वापरणे सक्तीचे केले आहे.

चढणे आणि उतरणे हा सगळ्यात धोक्याचा वेळ असतो आणि तिथेच सगळ्यात जास्त घाई होते. एका वेळी एकानेच चढायचे. उडी मारायची नाही. एक हात कठड्याला, पाय होडीच्या मधल्या रेषेवर. जड माणसे आधी, मधल्या बाकांवर. मग एक डावीकडे, एक उजवीकडे अशी भर करायची. सगळे बसले की चालकाने मागून बघावे: होडीचे दोन्ही काठ पाण्यापासून सारखे वर दिसतात का? एक बाजू चार बोटे खाली असेल तर सुटण्याआधी माणसे हलवायची. उतरताना उलट क्रम, आणि चालक आपले नाव पुकारेपर्यंत कोणी उठायचे नाही. होडी धक्क्याला लागली की सगळे एकदम धक्क्याच्या बाजूला उभे राहतात, आणि त्याच वेळी दोर अजून बांधलेला नसतो.

चालू होडीत पावलाला पाणी लागले तर लगेच सांगा. सहा चौरस मीटरच्या तळावर ५ सेंटीमीटर पाणी साचले म्हणजे ३०० किलो वजन झाले, आणि ते वजन जागेवर थांबत नाही. होडी जिकडे कलेल तिकडे धावते आणि तिला आणखी कलवते. वेग कमी करा, काठाकडे वळा, पाणी उपसा.

आणि होडी एका बाजूला कललीच, तर सहज सुचते ते करू नका: सगळ्यांनी एकदम दुसऱ्या बाजूला धावू नका. होडी सरळ होता होता त्याच वेगाने पलीकडे झुकते आणि तिकडून उलटते. जागच्या जागी खाली, तळावर बसा. वजन खाली आले की होडीला सरळ व्हायला वाव मिळतो. मग चालक नाव घेईल त्या एकेकानेच सरकायचे. कोणी पाण्यात पडले तर चालकाने गिअर लगेच न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला सुकाणू वळवावे. त्याने होडीचे मागचे टोक, म्हणजे पंखा, त्या माणसापासून दूर जाते. त्याला बाजूने नव्हे, मागून, इंजिन पूर्ण बंद करून वर घ्यावे, कारण बाजूने ओढायला सगळे वाकले की तीच बाजू पुन्हा खाली जाते. होडी उलटलीच, तर आधी छताखालून बाहेर या, मग तिला धरून राहा. काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघू नका. उलटी होडी बहुधा तरंगते, आणि वाचवायला येणाऱ्याला एकेकटे डोके दिसायच्या आधी होडी दिसते.